मातीचं विरजण

बंदरावरच्या नाकानं आमचा कंटेनर अडवला तेव्हा मी कारखान्यात बसून पुढच्या खेपेच्या खोक्यांत कागदाच्या कातरणी भरत होते. फोनवर आलेला निरोप अगदी थोडक्यात होता: 'मोकल कला केंद्र, पेण. मालात जुनी खूण आढळली. परताव्याचा हक्क स्थगित.' मी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला. हातातलं खोकं भरून, चिकटपट्टी लावून झाल्यावर पुन्हा वाचला. मजकूर तोच होता.

आम्ही गणपती करतो. शाडूचे, आणि सगळे परदेशी जाणारे. कारखाना माझ्या वडिलांचा, हरिश्चंद्र मोकलांचा. त्यांना सगळं पेण तात्या म्हणतं. तात्या मातीत हात घालतात आणि मी कागदात. शाडूची खरेदी, रंग, खोकी, जहाजाची जागा, कर, परतावा हे सगळं माझ्याकडे, कारण तात्यांना वजाबाकीचा कंटाळा आहे आणि माझ्या हातची सोंड वाकडी होते.

परतावा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कर हा माल वापरणाऱ्यानं द्यायचा असतो. आमची मूर्ती वापरणारा ऑकलंडला किंवा टोरांटोला बसलेला. तो तिथला कर तिथं भरतो. मग शाडूवर, रंगावर, खोक्यावर इथं मी जो कर भरला तो कुणी सोसायचा? कायदा म्हणतो, कुणीच नाही. माल देशाबाहेर गेला की तो कर निर्यातदाराला परत. ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. माझ्या तरुणपणी हा हक्क मिळवायला अर्ज, त्रुटी, पुन्हा अर्ज, पुन्हा त्रुटी अशी वर्षं जात. माल गेलाच नाही आणि परतावा लाटला, असे महाभागही पुष्कळ होते. काही तर त्याहून हुशार. माल बाहेर पाठवायचा, परतावा घ्यायचा, मागच्या दारानं तोच माल आत आणायचा आणि नवं लेबल लावून पुन्हा पाठवायचा. त्यांच्यामुळे सरळ माणसांनाही चोरासारखं उभं राहावं लागे.

मग खूण आली. डीएनए ही चार अक्षरांची लिपी आहे. निसर्ग तिच्यात माणूस लिहितो, प्रयोगशाळेत तिच्यात हवा तो मजकूर लिहिता येतो. असा एक मजकूर धुळीहून बारीक काचेच्या मण्यात बंद करायचा. काच असल्यामुळे ऊन, पाणी, खारी हवा त्याला बाधत नाही. हे मणी मालातच मिसळायचे. आमच्याकडे साच्यात शाडू दाबताना प्रत्येक मूर्तीच्या मातीत तिच्या खुणेचा एक थेंब जातो, आणि रंगात दुसऱ्या खुणेचा एक थेंब. प्रत्येक मूर्तीची खूण वेगळी.

बंदरावर असतं ते नाक. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे आणि ते पाठ असलेला माणूस मला अजून भेटायचाय. नाक कंटेनरमधली हवा ओढून घेतं, तिच्यातली धूळ गाळतं, मण्यांची काच विरघळवतं, आतल्या मजकुराच्या लाखो नकला काढतं आणि वाचतं. तिकडच्या बंदरावर तसंच दुसरं नाक. इथल्या नाकानं 'गेला' म्हटलं आणि तिथल्यानं 'पोचला' म्हटलं की चहा गाळेपर्यंत परतावा खात्यात जमा. ना अर्ज, ना साहेब. मी या नाकाची भक्त होते, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. यंदा त्याची नवी, जास्त तिखट जात बसवली तेव्हा मी कारखान्यात पेढे वाटले होते.

आणि आता त्याच नाकानं मला चोर ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परतावा विभागाच्या कार्यालयात गेले. सहायक आयुक्त वहिदा तांबोळी म्हणून बाई होत्या. यंत्रानं काम काढून घेतल्यावर अशा कार्यालयांत थोडीच माणसं उरली आहेत; यंत्राला जे कळत नाही तेवढंच त्यांच्यापुढे येतं. तांबोळी मॅडमनी मला बसवलं, पाणी दिलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

"तुमच्या कंटेनरमधल्या प्रत्येक मूर्तीत तिची स्वतःची खूण आहे. ते बरोबरच आहे," त्या म्हणाल्या. "पण प्रत्येकीत आणखी एक खूण आहे. सगळ्यांत तीच. मागच्या वर्षीच्या एका मूर्तीची. ती मूर्ती तुम्ही पाठवली, तिचा परतावा घेतला. ती इथे परत कशी आली?"

"आलेली नाही."

"यंत्राचं म्हणणं असं की ती परत आणून, कुटून, नव्या मातीत मिसळली. म्हणजे ज्या मातीचा परतावा एकदा घेतला, तिचाच पुन्हा मागताय."

"एका मूर्तीची माती एवढ्या मूर्तींना कशी पुरेल, मॅडम?"

"नव्या नाकाला चार मणी पुरतात," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला चोर म्हणत नाही, मोकलबाई. पण खूण आली कुठून एवढं तुम्ही दाखवायला हवं. नाही दाखवलं तर कायद्यानं मला तुमची खूण रद्द करावी लागेल."

खूण रद्द म्हणजे निर्यात बंद. आम्ही पेणच्या बाजारात मूर्ती विकणं कधीच सोडलं होतं. तिथं आता जागा कोण देणार? शिवाय हे जहाज चुकलं तर कंटेनरमधले गणपती चतुर्थी उलटल्यावर पोचणार. उलटलेल्या चतुर्थीचा गणपती कुणी फुकटही घेत नाही.

निघताना मी विचारलं, "ती मागची मूर्ती कुणाकडे गेली होती?"

मॅडमनी नाव वाचलं. दर्शना मोकल-सामंत, ऑकलंड. माझी धाकटी बहीण.

घरी आले तेव्हा तात्या शाडू भिजवायच्या टाकीपाशी होते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि लहान मुलाच्या खोडीबद्दल बोलावं तसं म्हणाले, "ते विरजन असंल."

"कसलं विरजण?"

"दर्शी माती पाठवतं ना मना. इसर्जनाची. ती घालतो मी पहिल्या घान्यात, आनी त्यातला गोला पुढल्या घान्यात. माजा बाप घालायचा, त्याचा बाप घालायचा."

आमच्याकडे गणपती बुडवून आल्यावर रिकाम्या पाटावर नदीकाठची मूठभर माती घेऊन येतात आणि ती घरभर टाकतात. देव गेला तरी घर अगदीच ओकं नको, म्हणून. तात्यांच्या घराण्यात त्या मातीतली चिमूट पुढच्या हंगामाच्या पहिल्या शाडूत जाते. लहानपणी ती भोगावतीच्या काठची असे, हे मला माहीत होतं. पण दर्शना ऑकलंडला गेल्यापासून तात्या तिच्याकडची माती घालतात, हे मला माहीत नव्हतं. ती बादलीत विसर्जन करते, खाली बसलेल्या गाळाचा गोळा वाळवते आणि सुपारीच्या डबीत घालून कुणा येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवते. माणसांच्या बॅगा नाक हुंगत नाही. आणि जुन्या नाकाला असली चिमूट कधी कळली नव्हती.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"त्यात काय सांगायचं? दह्याला इरजन लावताना कोन सांगत बसतं?"

मला राग आला होता, पण हायसंही वाटलं होतं. विसर्जन झालेल्या मूर्तीचा गाळ म्हणजे माल कसा होईल? मूर्ती तिथे गेली, तिथे पूजली, तिथे विरघळली. वापरून संपली. मी डबीत उरलेला गोळा घेऊन पुन्हा तांबोळी मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

"आंबा तिकडे खाल्ला आणि बाठा इकडे आला, तर आंबा परत आला असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "असं लिहून तुमचा हक्क मोकळा करता येईल. फक्त हा गोळा प्रयोगशाळेत तपासू दे. रीत आहे."

मी येताना तात्यांसाठी पोह्याचे पापड घेतले. तात्यांनी ते तळायला लावले आणि मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या बायकांना खिलवले. सगळ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं तेव्हा तांबोळी मॅडमनी स्वतः फोन केला. आवाज पडलेला होता.

"मोकलबाई, मूर्ती बादलीत विरघळली तर माती आणि रंग एकत्र होतात ना?"

"होतात. पाण्यालासुद्धा रंग येतो."

"मग गाळात दोन्ही खुणा सापडायला हव्यात. मातीची आणि रंगाचीसुद्धा. तुमच्या गोळ्यात रंगाची खूण नावालासुद्धा नाही." त्या थांबल्या. "ही माती मूर्तीच्या आतल्या पोकळीतून खरवडलेली आहे. जिथे रंग लागत नाही तिथून. विसर्जन झालेलं नाही."

मी कारखान्याच्या मागच्या पडवीत उभी होते. आत तात्या कुणाला तरी रंगावरून झापत होते. मॅडम म्हणाल्या, "मी बाठा म्हणून लिहू शकत नाही. सुनावणी लावते. तुमच्याकडे आणखी काही सांगण्यासारखं असेल तर तेव्हा सांगा. खूण वडिलांच्या नावावर आहे, त्यांना यावंच लागेल."

मी दर्शनाला व्हिडिओ फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ होती. ती स्वयंपाकघरात उभी होती, मागे भिंतीवर काहीच नव्हतं. आधी तिथे लग्नाचा फोटो असायचा.

"मूर्ती कुठे आहे?" मी विचारलं.

"कुठली मूर्ती?"

"दर्शी, मी पेणहून बोलतेय, पोलीस ठाण्यातून नाही. मूर्ती कुठे आहे?"

तिनं गॅस बंद केला. मग फोन घेऊन चालू लागली, एक दार उघडलं, दिवा लावला. गॅरेज होतं. फळीवर आमची खोकी ओळीनं ठेवलेली. प्रत्येकावर मीच चिकटवलेलं लेबल, वेगवेगळ्या सालांचं.

"विनीत गेला," ती म्हणाली. "म्हणजे वेगळे झालो. पाच गणपती झाले त्याला."

"पाच वर्षं? आणि तू सांगितलं नाहीस?"

"पहिल्या साली सांगणार होते. मूर्ती आली, खोकं उघडलं आणि तिथंच पायरीवर बसले. एकटीनं आरती म्हणायची ती कशी, ताई? टाळी एकाच माणसाची वाजते. फोटोपुरती मूर्ती बाहेर काढली, हार घातला, फोटो काढला, परत खोक्यात ठेवली. तात्यांनी फोटो सगळ्या पेणला दाखवला. मग पुढच्या साली मूर्ती मागवली नसती तर त्यांनी विचारलं असतं. म्हणून मागवली. माती पाठवली नसती तर विचारलं असतं. म्हणून..."

"म्हणून आतून खरवडलीस."

"बाहेरून कशी खरवडू? त्यांनी रंगवलेली असते."

मला तिची कीव आली आणि तितकाच संताप आला. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणूस वाईट बोलतो. मी तिला म्हटलं, तुझ्या एका खोट्यापायी बापाचा कारखाना बंद पडतोय. ती रडली नाही. ती म्हणाली, "मग कबूल करून टाक. म्हण, आमची चूक झाली, मूर्ती परत आणली. दंड मी भरते. खूण दोन वर्षांनी परत मिळते ना? पण तात्यांना हे नको सांगू. त्यांना वाटतं माझ्याकडे घर भरलेलं असतं. तेवढं राहू दे ना."

"न केलेली चोरी कबूल करू?"

"कागदावर, ताई. नुसती कागदावर."

"त्या कागदावर नाव तात्यांचं आहे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रात्री जेवण गेलं नाही. एका बाजूनं बघितलं तर दर्शना म्हणत होती ते सोपं होतं. तात्यांचं वय झालं होतं. दोन वर्षं घरी बसले असते, आंबे खाल्ले असते. कारखान्यातल्या बायकांना दुसऱ्या कुणाकडे काम लागलं असतं. पण मोकलांचा कारखाना माल गोल फिरवतो, हे एकदा लिहिलं गेलं असतं तर दोन वर्षांनी काय, कधीच पुसलं गेलं नसतं. ज्या हक्कासाठी मी आयुष्यभर पावत्या जपल्या तो माझ्या हातानं सोडायचा, आणि तोही खोटं बोलून. आणि दुसऱ्या बाजूला तात्या. दर अनंत चतुर्दशीनंतर ते सुपारीच्या डबीची वाट बघत, हे आता कुठे मला कळलं होतं.

खरं म्हणजे त्या गॅरेजमध्येच आमची सुटका होती, आणि हे मला जेवायच्या ताटावर बसल्याबसल्या दिसलं. मूर्ती विरघळली असती तर ती परत आली नाही याचा पुरावा काय होता? पाण्याला विचारायचं? पण ती मूर्ती तिथंच उभी होती, सबंध. तिच्या पोटातली मूठभर माती आली म्हणजे मूर्ती आली नाही. तिथल्या बंदरातल्या माणसानं हातातलं छोटं नाक आणून तिला लावलं की काम झालं. दर्शनानं जे लपवलं होतं त्यानंच आमचा हक्क सिद्ध होत होता. फक्त ते तात्यांच्या समोर दाखवावं लागणार होतं.

मी दर्शनाला सुनावणीचा दुवा आणि तिथल्या बंदराच्या कार्यालयाचा नंबर पाठवला आणि लिहिलं: 'मी तात्यांना काही सांगणार नाही. सुनावणीत तू मूर्ती दाखव किंवा दाखवू नकोस. दाखवली नाहीस तर मी त्यांना एवढंच सांगेन की आपण हरलो.' निष्ठुर वाटेल, पण तिच्या घरची गोष्ट तिनंच सांगायला हवी होती. तिचं उत्तर आलं नाही.

सुनावणीच्या दिवशी तात्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि खिशात पेन अडकवलं. गाडीत ते खुशीत होते. "मॅडमला सांगतो, पुढल्या टायमाला तुमच्या घरी मूर्ती मी देतो," असं म्हणत होते. मी म्हटलं, "तांबोळी आहेत त्या." ते म्हणाले, "मग काय झाला? आपल्या गल्लीतला सलीमभाय नाय आनत?" मी खिडकीबाहेर बघत बसले.

तांबोळी मॅडमच्या खोलीत टेबलावर मोठा पडदा होता. त्यांनी तात्यांना नमस्कार केला, प्रकरण थोडक्यात वाचलं आणि प्रयोगशाळेचा निष्कर्षही वाचला. तो सरकारी भाषेत होता. तो तात्यांच्या डोक्यावरून गेला असावा, कारण ते नुसती मान हलवत राहिले.

"यावर तुमचं काही म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत पडद्यावर दर्शना आली. गॅरेजमध्येच उभी होती. शेजारी तिथल्या बंदराचा एक माणूस, हातात टॉर्चएवढं नाक. मागच्या फळीवर खोकी नव्हती. मूर्ती होत्या. तिनं सगळ्या बाहेर काढून ओळीनं मांडल्या होत्या आणि एकीलाही हार नव्हता, फूल नव्हतं.

तात्या पुढे वाकले. त्यांना आधी वाटलं, तिनं बरेच गणपती बसवलेत. "हे कोनाचे एवढे?" त्यांनी मला विचारलं.

"तात्या, माझेच," दर्शना म्हणाली. "एकही बसवला नाही. एकही बुडवला नाही. विनीत आणि मी वेगळे झालोय, त्याला पाच वर्षं झाली. फोटो खोटे नव्हते, पण फोटोपुरतेच होते. माती मी आतून काढत होते."

तिनं मागच्या सालची मूर्ती आडवी धरून तळ कॅमेऱ्यापुढे आणला. पोकळीच्या कडेला चमच्यानं खरवडल्याचे ओरखडे स्वच्छ दिसत होते. त्या माणसानं नाक लावलं. मॅडमच्या पडद्यावर कोपऱ्यात खुणेचा क्रमांक उमटला आणि हिरवा झाला.

तात्यांचा चेहरा मी बघत होते. तो रागानं लाल झाला नाही की रडवेला झाला नाही. म्हातारा झाला, एवढंच म्हणता येईल. मला त्या क्षणी वाटलं, दर्शनाचंच ऐकायला हवं होतं.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मोकलकाका, मला तुमचं एक म्हणणं नोंदवायला लागेल. तुम्ही मूर्ती घडवणारे, खूण तुमची. या समोर दिसतायत त्या वस्तू काय आहेत? देव म्हणून पुजल्या जाऊन संपलेल्या, की तुम्ही पाठवलेला माल? घाई नाही."

तात्यांनी पडद्याकडे बघितलं. "दर्शी," ते म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा क्येली व्हतीस काय? एकाची तरी? अक्षता टाकल्यास?"

"नाही, तात्या."

"मग माल हाय," ते मॅडमना म्हणाले. "लिवा. पूजा नाय झाली म्हंजे देव नाय. मी केलेला माल हाय तो, आनी तिथंच हाय. परत काय आला नाय."

मॅडमनी लिहून घेतलं. निकाल लगेच दिला. माल देशाबाहेरच आहे, मूठभर माती म्हणजे माल परत येणं नव्हे, परताव्याचा हक्क अबाधित, कंटेनर सोडावा. त्यांनी तात्यांना पुढच्या खेपेपासून विरजण घालू नका, अशी विनंती केली. तात्या "बरं" म्हणाले. आम्ही जिंकलो होतो आणि खोलीतल्या कुणालाही त्याचा आनंद झाला नव्हता.

परतीच्या वाटेवर तात्यांची मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुला ठावं व्हतं?"

"आठ दिवसांपासून."

"मना पाच वर्सांपासून ठावं असाया पायजे व्हतं. फोटोत जावई कंदीच नसायचा." थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "मी मूर्तीच बगत बसायचो."

पेणला पोचेपर्यंत कंटेनर सुटल्याचा निरोप आला. मी तो तात्यांना वाचून दाखवला. त्यांनी शर्ट बदलला, टाकीपाशी गेले, शाडूत हात घातला आणि काही न करता तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "तिला लाव."

दर्शना अजून गॅरेजमध्येच होती. मूर्ती परत खोक्यांत ठेवायला तिला जमलं नसावं. डोळे सुजले होते.

"कंची जास्त खरवडलीस?" तात्यांनी विचारलं.

"मागच्या सालची."

"मग तिची बैठक पातल झाली असंल. तिला वरून नको उचलू, खालून हात घाल. नायतर हातात देव आनी खाली पाट, असं व्हईल."

"तात्या, मला माफ..."

"त्या बुडवू नको आता. पुजल्या नाय तर इसर्जन कशाचं करशील? राहू दे तिथं." त्यांनी नाक पुसलं. "ती पातल झालेली घे. हातात घेऊन ये. इमानात मांडीवर ठेव. हितं बसवू, मी आतून लेप देतो. आरतीला मी हाय, ताई हाय, पन्नास बाया हायत. टाल्या पुष्कल वाजतील."

मीच मध्ये पडले, कारण कुणीतरी पडायला हवं होतं. म्हटलं, "तात्या, मूर्ती आत आली की माल परत आला. आपण आज सकाळी तिथे जे सिद्ध केलं ते उलटं होईल. तिचा परतावा व्याजासकट भरावा लागेल."

"भर मग."

"आणि मॅडमना आधी कळवावं लागेल. चोरून नाही चालायचं."

"चोरून कोन बोलतंय? लाव त्यांना."

मी लावला. तांबोळी मॅडमना वाटलं, कंटेनर पुन्हा अडकला. मी सांगितलं की नाही, मागच्या वर्षीची एक मूर्ती परत येणार आहे, राजरोस, माणसाच्या हातातून. परतावा कुठे भरायचा? त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "फॉर्म मीच भरते. मालक तुमचे वडील, वस्तू एक, मूळ जागी परत. परत आणण्याचं कारण?"

मी फोन तात्यांपुढे धरला. त्यांचे हात शाडूनं भरलेले होते, म्हणून ते लांबूनच बोलले.

"लिवा, मॅडम. पूजा व्हायची राहिलीय."

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. मॅडमनी तसंच लिहिलं.